पुढें जाण्याची घाई आणि कायदा

उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या रस्त्यांवर दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर संथपणें चालूं लागतात. त्यांच्या मागें अडकलेल्या मनुष्याच्या धीराची तेथें परीक्षा होते, आणि चालक नवखा असल्यास तो या परीक्षेंत पुष्कळदां नापास होतो. आमच्या एका माजी विद्यार्थ्याची हीच गत झाली. परवाना हातीं येऊन पुरते दोन महिनेही झाले नव्हते. वडिलांची मोटार घेऊन निघाला असतां एका वळणाच्या तोंडाशीं अशीच ट्रॉली भरधाव वेगानें ओलांडतांना पोलिसांनीं त्यास पकडलें. तो आमच्या भेटीस आला तेव्हां त्याचा पहिला प्रश्न होता, "सर, दंड भरला म्हणजे झालें ना?" हा प्रश्न अनेकांच्या मनांत असतो, म्हणून त्याचें उत्तर येथें सविस्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या देशांत मोटारींविषयींचा कायदा १९१४ सालीं झाला. पुढें १९३९ चा व त्यानंतर १९८८ चा कायदा आला. सध्यां हा १९८८ चा मोटार वाहन कायदाच लागू असून २०१९ च्या दुरुस्तीनें त्यांतील शिक्षा बऱ्याच कडक झाल्या आहेत. नवशिक्यास सवलत आणि जुन्यास शिक्षा असा भेद हा कायदा करीत नाहीं. परवाना कालचा असो कीं वीस वर्षांपूर्वींचा असो, रस्त्यावर दोघांची जबाबदारी सारखीच.

आतां वेगाचा गुन्हा पाहूं. ठरविलेल्या मर्यादेपेक्षां अधिक वेगानें वाहन हांकल्यास कलम १८३ लागतें. मोटारीसारख्या हलक्या वाहनास १,००० ते २,००० रुपये, आणि मध्यम अथवा अवजड वाहनास २,००० ते ४,००० रुपये दंड होतो. तोच गुन्हा पुन्हां घडल्यास परवाना जप्त होतो. केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावरून मात्र कोणासही या कलमाखालीं दोषी ठरवितां येत नाहीं. तो अंदाज यंत्राच्या आधारें केलेला असावा लागतो. यंत्रानें वेग मोजण्याचें महत्त्व यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

परंतु त्या मुलाचा गुन्हा येथेंच संपत नव्हता. जेथें पुढचा रस्ता दिसत नाहीं अशा वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर दुसऱ्या वाहनास ओलांडून जाणें नियमाविरुद्ध आहे. आणि नियमाविरुद्ध ओलांडणें हें कलम १८४ मध्यें धोकादायक वाहन चालविण्याच्या प्रकारांत स्पष्टपणें घातलेलें आहे. या कलमाखालीं पहिल्याच गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा १,००० ते ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. तीन वर्षांच्या आंत पुन्हां तसेंच केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, अथवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. शिवाय असल्या ओलांडण्याचा गुन्हा रस्त्यावर पैसे भरून मिटत नाहीं. न्यायाधीशासमोर उभें राहावें लागतें. "दंड भरला म्हणजे झालें" हा समज येथेंच कोसळतो.

परवान्याचें काय? या कलमाखालीं धरलेल्या चालकाचा परवाना पोलीस अधिकारी काढून घेऊन परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवूं शकतो. तेथें चालकाचें म्हणणें ऐकून घेतल्यावर, दोष ठरल्यास, पहिल्या वेळीं तीन महिने त्यास अपात्र ठरविलें जातें. दुसऱ्या वेळीं परवानाच रद्द होतो. अपात्रतेची मुदत संपल्यावरही पुन्हां शिक्षणाचा पाठ पुरा केल्यावांचून परवाना परत मिळत नाहीं. इंग्लंडांत १९९५ च्या कायद्यानें नव्या चालकासाठीं पहिलीं दोन वर्षें कसोटीचीं ठेविलीं आहेत. त्या अवधींत सहा दोषगुण जमले कीं परवाना जातो व परीक्षा पुन्हां द्यावी लागते. आपल्याकडे अशी वेगळी कसोटी नाहीं, तथापि तिचा हेतु मनांत बाळगण्यास कोणाचीही हरकत नसावी.

कायदा इतका कठोर कां, हें गणितानें कळेल. ताशीं २४ किलोमीटर चालणारा ट्रॅक्टर आपण ताशीं ६० नें ओलांडतों असें समजा. दोहोंच्या वेगांतील फरक सेकंदास १० मीटर. ट्रॉल्यांची लांबी व मागेंपुढें सोडावयाचें अंतर मिळून ६० मीटर धरल्यास सहा सेकंद लागतात. तेवढ्यांत आपण १०० मीटर पुढें जातों, आणि समोरून ताशीं ९० नें येणारी गाडी १५० मीटर जवळ येते. म्हणजे निदान २५० मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. वळणावर तो कोठून दिसणार? आणि गणित चुकून कोणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणें पांच वर्षांपर्यंत कैद होते.

पालकांसही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं मोटार दिल्यास व त्याजकडून गुन्हा घडल्यास पालक अथवा मालक दोषी मानला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाहीं. मे २०२४ मध्यें पुण्यास कल्याणीनगर भागांत सतरा वर्षांच्या मुलानें चालविलेल्या मोटारीनें दोन तरुण जिवांचा अंत केला. त्यास प्रथम जामीन देतांना अपघातांविषयीं तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, आणि त्यावर सर्वत्र संताप उसळला. आम्ही जन्मभर निबंध तपासीत आलों आहों; मेलेला मनुष्य निबंधानें परत येत नाहीं, हें आम्हांस कोणी शिकवावयास नको.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें न्यायालयांत आपली चूक कबूल केली. परवाना तीन महिने त्याजजवळ नव्हता. तेवढे दिवस तो एस.टी.नें कामावर गेला. परवां भेटला तेव्हां म्हणाला, "सर, आतां ट्रॉलीच्या मागें दहा मिनिटें गेलीं तरी चालतात." विद्यार्थी मित्रहो, तीं दहा मिनिटें तुम्हींही खुशाल जाऊं द्या. घरीं वाट पाहणाऱ्या आईस तुम्ही उशिरां आलेले चालाल.