अ‍ॅप बनवून घेताय? आधी हिशेब कुठे होणार ते विचारा

दुकानासाठी अ‍ॅप बनवून घ्यावे, असे आज अनेक छोट्या व्यापाऱ्यांना वाटते. रंग कोणता, चित्रे कोणती, यावर तासन्‌तास चर्चा होते. पण कोणते काम सर्व्हरवर ठेवायचे आणि कोणते ग्राहकाच्या मोबाईलवर, हे प्रोग्रामर परस्पर ठरवून टाकतो. या प्रश्नाचा संबंध थेट गल्ल्याशी आहे, म्हणून तो आम्ही येथे मांडत आहोत.

सर्व्हर हा आपल्या ताब्यातला संगणक, मग तो भाड्याचा का असेना. मोबाईल मात्र ग्राहकाच्या ताब्यात असतो. तेथे चालणारा प्रोग्राम जाणकार माणूस उघडून पाहू शकतो, बदलूही शकतो. समजा, 450 रुपयांच्या चादरीची किंमत मोबाईलवरच ठरून ऑर्डरबरोबर येत असेल, तर 450 चे 45 करून पाठवणारा कधी ना कधी भेटणारच. म्हणून मोबाईलने फक्त मालाचा क्रमांक व नग कळवावेत; भाव सर्व्हरने आपल्या वहीतून काढावा. शेवटचा एकच नग दोघांनी एकाच वेळी मागितला, तर तो कोणाला द्यायचा हेही सर्व्हरच ठरवू शकतो. पैसे स्वीकारण्याच्या सेवेची गुप्त किल्ली तर अ‍ॅपमध्ये कधीही ठेवू नये.

मग सगळेच सर्व्हरवर ठेवावे काय? तसेही नाही. फोन नंबरात एक आकडा कमी पडला, हे सांगण्यासाठी सर्व्हरपर्यंत हेलपाटा कशाला? ते मोबाईलने तिथल्या तिथे सांगावे. मात्र तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा झाली पाहिजे. रेंज नसलेल्या गावात विक्रेत्याला ऑर्डर लिहून ठेवायची असेल, तर मोबाईलवरचा प्रोग्रामच कामी येतो. उलट नुसती मालाची यादी दाखवायची असेल, तर सर्व्हरवर तयार झालेले साधे पान स्वस्त फोनवरही लवकर उघडते.

तंत्रे निवडताना नावांनी गोंधळून जाऊ नये. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट आणि सर्व्हरवरील पीएचपी, दोन्ही 1995 साली पुढे आल्या. 2009 मध्ये नोड-जेएस आले आणि जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही सर्रास वापरली जाऊ लागली. भाषा एक झाली तरी जागेचा फरक मिटला नाही. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांनी आमच्या मते जावास्क्रिप्टपासून सुरुवात करावी, कारण ती दोन्हीकडे चालते. जोडीला माहितीसाठा हाताळणारी एसक्यूएल शिकावी.

व्यापारी बांधवांनी बयाणा देण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारावेत: भाव कोठे ठरतो? रेंज गेल्यास काय चालू राहील? सर्व्हरचे दरमहा भाडे किती? ज्याला याची सरळ उत्तरे देता येत नाहीत, त्याच्या हाती आपला गल्ला देऊ नये.