मृगाआधी परड्याचा नकाशा

परसबागेत काय लावायचे हा प्रश्न आपल्याकडे बहुधा मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर निघतो. त्या वेळी शेतातली कामे अंगावर आलेली असतात. म्हणून मागच्या वर्षी ज्या वाफ्यात वांगी होती तेथेच पुन्हा वांगी जातात, आणि ऐन फुलोऱ्यात येऊन एका दुपारी माना टाकतात. मग "बीच खराब निघाले" असे म्हणून आपण बाजारातून नवे तरू आणतो व त्याच मातीत लावतो. शेतकरी बंधुभगिनींनो, दोष दर वेळी बियाण्याचा नसतो. पुष्कळदा तो जागेचा असतो, आणि जागा बदलण्याचा विचार वाफे रिकामे असताना, म्हणजे भर उन्हाळ्यातच करावा लागतो.

वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातली भावंडे. यांना होणारा मर रोग दोन-तीन प्रकारचा असतो. त्यांतला जिवाणूंचा मर ओळखण्याची एक सोपी रीत आहे. ज्यांच्या घरी उन्हाळी टोमॅटो आहेत त्यांनी ती आजही करून पाहावी. पाने हिरवी असतानाच कोमेजलेले झाड उपटावे, बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापावा आणि स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात त्याचे टोक बुडवून धरावे. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा धागा खाली उतरू लागला, तर तो जिवाणूंचा मर समजावा. हे जिवाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. औषध फवारून ते जात नाहीत. फवारणीचा पंप घेऊन धावणाऱ्यांचे पैसे मात्र जातात. असे झाड उकिरड्यात टाकू नये, जाळावे; आणि त्या वाफ्यात या कुळातले काही निदान तीन वर्षे लावू नये. आलेही तेथे नको, कारण त्यालाही हा रोग लागतो. मका, घेवडा, लाल माठ चालतात.

दुसरा शत्रू जमिनीखाली असतो. भेंडीचे जुने खुंट अजून परड्यात उभे असतील तर ते उपटून मुळे धुऊन पाहा. मुळांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमींचे काम. येथे एक घोटाळा होतो. घेवडा, चवळी, भुईमूग यांच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या नखाने सहज सुटतात. त्या उपकारक होत, हवेतला नत्र झाडाला मिळवून देणाऱ्या. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण ती मुळाचाच फुगवटा असते. अशा वाफ्यात पुन्हा भेंडी, वांगी, टोमॅटो किंवा काकडी लावणे म्हणजे त्या किड्यांना जेवायला बोलावणे. तेथे झेंडू लावावा, पण वाफा भरून, दाट, आणि निदान दोन महिने. कडेला दोन झाडे लावून फुले मिळतील, किडे हटणार नाहीत. वाफाभर झेंडू लावला तर दसऱ्याच्या बाजारात चार पैसेही येतील.

आणखी एक उपाय उन्हाचा आहे. वाफा खणून, ढेकळे फोडून सपाट करावा, भरपूर पाणी द्यावे आणि त्यावर पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा कागद घट्ट अंथरून कडा मातीत पुराव्यात. काळा कागद नको. पारदर्शक कागदाखाली माती अधिक तापते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याआधी हे केले तर ७ जूनच्या सुमारास मृग लागेपर्यंत सहा आठवडे मिळतात. मध्ये वळीव पडला तर कागदावर साचलेले पाणी काढून टाकावे. कागद काढल्यावर वाफा पुन्हा खोल खणू नये, नाही तर खालची न तापलेली माती वर येते. याने सूत्रकृमी, तणाचे बी आणि बुरशी यांवर चांगला मारा बसतो. जिवाणूंच्या मराचे समूळ उच्चाटन मात्र होत नाही, तेथे जागाच बदलावी.

आता नकाशा. मुलांच्या वहीचे एक पान घ्यावे आणि घर, विहीर, मोरी, झाडे व वाफे त्यावर काढावेत. प्रत्येक वाफ्यात मागची दोन वर्षे काय होते ते घरातल्या बाईमाणसांना विचारून लिहावे. पुरुषांना हे बहुधा आठवत नाही, असा आमचा अनुभव आहे! मग सावली मांडावी. बेळगाव-खानापूरच्या आपल्या पट्ट्यात मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे त्या काळात भिंतीची सावली दक्षिणेला, जेमतेम फूट-दीड फूट पडते. नाताळच्या दिवसांत उलटे. दहा फूट उंच भिंतीची भर दुपारची सावली उत्तरेकडे आठ फुटांपर्यंत जाते. म्हणजे घराच्या उत्तरेला लागून असलेल्या वाफ्यात पावसाळी भाजी येईल, पण हिवाळ्यातला टोमॅटो तेथे उन्हावाचून रडेल. त्याला आताच दक्षिणेची किंवा पूर्वेची जागा राखून ठेवावी आणि पावसाळ्यात तेथे घेवडा घ्यावा. हिवाळ्यातली ती गार जागा अळूला द्या. खानापूरकडच्या पावसात लाल माठाला उंच गादीवाफा हवा, नाही तर बी वाहून जाते. तो एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांनी थोडा थोडा पेरावा.

मंगळूरकडून येऊन आपल्या भागात राहिलेल्या कुटुंबांत ८ सप्टेंबरला, मारियेच्या जन्मोत्सवाला, विषम संख्येच्या भाज्यांचे जेवण करण्याची रीत आहे. मृगापासून त्या दिवसापर्यंत ९३ दिवस होतात. माठाला महिना, भेंडीला सुमारे पन्नास दिवस, दोडक्याला दोन महिने लागतात. त्या दिवशी परड्यातल्याच किती भाज्या ताटात याव्यात हे ठरवून उलटे मोजत आले, तर पेरणीच्या तारखा आपोआप मिळतात.

ताटाचा विषय निघालाच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणून नकाशात फक्त वांगी-मिरची नकोत. पालेभाजीचा एक वाफा, एक शेवगा, एक पपई आणि एक लिंबू यांना जागा हवी. लिंबू कशाला? पालेभाजीतले लोह अंगी फार थोडे लागते, त्याच जेवणात लिंबू पिळला तर ते जास्त लागते. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा ते अडवतो. चहा तासभराने घ्यावा. शेवग्याचा पाला आणि लाल भोपळा डोळ्यांना चांगले, मात्र भाजीला थोडे तेल हवे, कोरडी उकडून तो गुण पुरता मिळत नाही. गरोदर भगिनींनी परड्याच्या भरवशावर आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. त्या घ्यायच्याच.

शेवग्याचे झाड बियांपेक्षा फांदीपासून लवकर धरते. मनगटाएवढी जाड, तीन-चार हात लांब फांदी पावसाच्या तोंडी पुरावी. काळ्या जमिनीत उंचवट्यावर पुरावी, कारण पाणी साचले की मूळ कुजते. आमच्या धर्मगुरूनिवासामागच्या झाडाची छाटणी मेच्या अखेरीस होईल. ज्यांना फांद्या हव्या असतील त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर सांगून ठेवावे, आणि येताना सुंभ आणावा.