मिठाची पुडी किती दिवस पुरते?
स्वयंपाकाच्या वर्गात नेमकं काय मिळतं

स्वयंपाकाचा वर्ग म्हटलं की वस्तीतल्या बाया आधी हसतात. "वीस वर्षं भाकरी थापतेय, आता मला कोण शिकवणार?" त्यांचं हसणं खोटं नाही. मोजक्या पैशांत पाच-सहा तोंडं रोज जेवू घालणाऱ्या बाईला फोडणी कशी द्यायची हे कुणी सांगायला नको. पण आरोग्य शिबिरातून याच बाया हातात कागद घेऊन बाहेर पडतात. कुणाचं बीपी वाढलेलं, कुणाचं हिमोग्लोबिन नऊ. डॉक्टर दोन मिनिटांत सांगून मोकळे होतात : मीठ कमी करा, तेल कमी करा, लोहयुक्त आहार घ्या. कमी म्हणजे किती? आणि लोहयुक्त म्हणजे आपल्या शेगडीवर नेमकं काय शिजवायचं? चांगल्या वर्गात हेच शिकायला मिळतं.

मिठापासून सुरुवात करू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे सपाट भरलेला चहाचा एक चमचा. घरात पाच मोठी माणसं असतील तर दिवसाचे 25 ग्रॅम झाले. या हिशेबाने एक किलोची पुडी निदान 40 दिवस पुरायला हवी. तुमच्याकडे किती दिवस पुरते? पुढच्या पुडीवर तारीख लिहून ठेवा, म्हणजे कळेल. यात लोणचं, पापड, फरसाण आणि सुकटातलं मीठ धरलेलंच नाही. सुकट-बोंबील आपल्या आवडीचे, प्रथिनंही भरपूर, सोडायचं कारण नाही. गरम पाण्यात थोडा वेळ भिजवायचे, ते पाणी ओतून द्यायचं आणि रश्शात वरून मीठ घालताना हात आखडता घ्यायचा.

तेलाचंही असंच. माणशी महिन्याला पाऊण किलोच्या आसपास तेल पुरे. पाच जणांच्या घरात सहा-सात किलो लागत असेल तर कढईत सरळ बाटलीतून ओतलं जातंय असं समजा. वर्गात चमच्याने मोजून फोडणी देतात, आणि तेवढ्या तेलातही भाजी चवीला उतरते हे तिथे सगळ्यांनी खाऊन पाहिलेलं असतं. कागदावर वाचून घरातली सवय बदलत नाही. दहा जणींनी एकाच पातेल्यातलं चाखून "बरी लागते की" म्हटलं, तर बदलते.

आता रक्ताचं बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 100 पैकी 54 स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. आपल्या मुली यात आहेत. दम लागतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि घरचे म्हणतात आळशी झाली. यावर खर्चिक काही करावं लागत नाही. मटकीला मोड आणायचे. मेथी, चवळई, शेपू, जे स्वस्त असेल ते आणायचं. डाळ-भाजीवर लिंबू पिळायचं, कारण आंबटातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजी-कडधान्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं, म्हणून चहा तासाभराने. लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढायची. तिच्यात भाजी जरा काळी दिसते, दिसू द्या. कलेजीत तर भरपूर लोह असतं. पण ती आणली की आधी बापाच्या आणि मुलाच्या ताटात जाते, रक्त कमी असलेली मुलगी रस्सा-भात खाते. ही वाढणी कुठल्या पाककृतीत लिहिलेली नसते. वर्गात त्यावर उघड बोललं पाहिजे.

इथे एक इशारा. विदर्भातल्या आपल्या घरांमध्ये सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे. त्यामुळे आलेली रक्ताची कमतरता लिंबू-मेथीने भरून निघत नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्याही घेऊ नयेत. सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. वर्ग दवाखान्याची जागा घेत नाही.

मधुमेहाबद्दल तर आपल्याकडे गैरसमजच जास्त. बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत या आजाराने किती जखडलं होतं ते आपण वाचलेलं आहे, तरी घरातली साखर वाढली की आपण चहा बिनसाखरेचा करतो आणि भाताचा डोंगर तसाच ठेवतो. ज्वारीच्या भाकरीने साखर वाढतच नाही, हेही खरं नाही. तीन भाकऱ्या खाल्ल्या तर वाढणारच. ताटाचा अर्धा भाग भाज्या, पाव भाग डाळ, उसळ, अंडं किंवा मासे, आणि उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात, असं ताट वर्गात प्रत्यक्ष वाढून दाखवतात. रेशनवर मुख्यतः तांदूळ आणि गहू मिळतो, म्हणून पोट त्यानेच भरायची सवय लागते. तोच तांदूळ निम्मा करून डाळ आणि पालेभाजी घालून खिचडी कशी करायची, हे शिकण्यासारखं आहे.

काही सवयी छोट्या, पण नुकसान मोठं करणाऱ्या. भाजी चिरून मग धुतली तर जीवनसत्त्वं मोरीत जातात. हरभरे लवकर शिजावेत म्हणून सोडा टाकला की ब-1 नष्ट होतं. रात्री भिजत घातले तर गॅसही वाचतो. आणि फ्रीज नसलेल्या घरात उन्हाळ्यात रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकणं धोक्याचं आहे. भातात वाढणारे काही जंतू असं विष सोडतात की ते परत गरम करूनही जात नाही. लहान मुलांना उलट्या झाल्या की आपण नजर लागली म्हणतो. त्यापेक्षा तांदूळ मोजून टाकावा.

या वर्गात पुरुषांनी बसायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. बायको बाळंतपणाला दवाखान्यात गेली की पाच दिवस वडापाव खाणारी घरं आपण पाहतो. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला कुकर लावता आला तर त्याचा मेसचा खर्च वाचतो. आणि घरात स्वयंपाक येणारी दोन माणसं असली तर दहावीच्या मुलीला परीक्षेच्या दिवसांत शेगडीपाशी उभं राहावं लागत नाही.

वर्ग निवडताना मात्र बघून घ्या. केकवर आयसिंग आणि पनीरचे पाच प्रकार शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. त्यांचा इथे उपयोग नाही. आपल्या खाण्याला नाक मुरडणारी शिक्षिकाही नको. वजडी, रक्ती, चान्या हे आपल्या आजीचं अन्न. मराठवाड्यातलं असं खाणं शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात नोंदवलं, तोवर ते छापील पाककृतींत क्वचितच दिसायचं.

ज्यांना यातून कमाई करायची आहे त्यांनी जनशिक्षण संस्थानात चौकशी करावी. कमी शिकलेल्यांसाठीच ही केंद्र सरकारची योजना आहे. मुंबईत वरळीला 1967 मध्ये श्रमिक विद्यापीठ या नावाने तिची सुरुवात झाली. अभ्यासक्रम जिल्ह्यागणिक वेगळे असतात, म्हणून आधी विचारून घ्या. डबे द्यायचे तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. आपल्या बाईच्या हातचं नको म्हणणारे अजून भेटतात, पण डब्याची गरज असलेले त्याहून जास्त भेटतात.

जवळ वर्ग नसेल तर विहाराच्या हॉलमध्ये रविवारी वंदनेनंतर दोन तास सुरू करता येईल. अंगणवाडी सेविका सप्टेंबरच्या पोषण महिन्यात पाककृतींची प्रात्यक्षिकं करतात, त्यांना बोलवा. गृहविज्ञान शिकणारी एखादी मुलगी वस्तीत असेल तर तिला पुढे करा. एक शेगडी, दोन पातेली, वजनकाटा आणि मापाचे चमचे पुरतात. भाजी ज्याने त्याने घरून आणावी, म्हणजे त्या आठवड्यात बाजारात जे परवडलं तेच रांधायला शिकता येईल.