पातेले आणि कारखाना यांच्यामधली पायरी

म्हैसूरच्या राजघराण्याच्या चेलुवांबा विलास या प्रासादात 21 ऑक्टोबर 1950 रोजी केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. सगळे तिला सीएफटीआरआय म्हणतात. इथले अन्न तंत्रज्ञानाचे एम.एस्सी. शिक्षण अनेक वर्षे म्हैसूर विद्यापीठाशी जोडलेले होते. इमारत राजेशाही असली, तरी अशा संस्थेचे खरे मोल तिच्या पायलट प्लांटमध्ये असते. वाफेवर चालणाऱ्या केटल, फळांचा गर काढणारे पल्पर, स्प्रे ड्रायर, डबे सील करणारी यंत्रे, रिटॉर्ट अशी सगळी सामग्री तिथे कारखान्याचीच असते, फक्त मापाने लहान.

अशी मधली पायरी हवीच कशाला? पाच किलोचा पदार्थ उत्तम जमला, तर पाचशे किलोसाठी सगळे शंभरपट घ्यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण भांड्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर आत मावणारा माल आठपट होतो आणि उष्णता आत नेणारा पृष्ठभाग फक्त चौपट. म्हणून मोठ्या केटलमध्ये माल तापायला वेळ लागतो, मधला भाग कच्चा राहतो, तर तळाशी करपतो. ढवळणी किती वेगाने फिरवायची, वाफेचा दाब किती ठेवायचा, हे नव्याने ठरवावे लागते. ते शोधताना पन्नास किलो माल वाया गेला, तर नुकसान सोसता येते. कर्ज काढून उभारलेल्या कारखान्यात तीच चूक धंदा बुडवते.

चव बिघडली तर गिऱ्हाईक जाते. सुरक्षितता बिघडली तर माणूस जातो. हवाबंद डब्यात वाढणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू अत्यंत घातक विष तयार करतो आणि त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. पदार्थाचा पीएच 4.6 च्या खाली असेल, तर ते वाढू शकत नाहीत. म्हणून पुरेशा आंबट आमरसाला सौम्य उष्णता पुरते. वरण, भाजी, मटणाचा रस्सा यांचे तसे नाही. त्यांचे डबे किंवा पाउच रिटॉर्टमध्ये, वाफेच्या दाबाखाली, साधारण 121 अंश सेल्सिअसला ठेवतात. डब्यात सर्वांत उशिरा तापणाऱ्या जागी थर्मोकपल बसवून तापमानाची नोंद घेतात. घट्ट पदार्थात ही जागा मध्यभागी असते; पातळ पदार्थ आतल्या आत फिरत असल्याने त्यात ती मध्याच्या जरा खाली सरकते. त्या जागेला 121 अंशांवरच्या निदान तीन मिनिटांइतकी उष्णता मिळालीच पाहिजे. अंदाजाला इथे जागा नाही.

या संस्थेच्या कामाचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे म्हशीच्या दुधाचे बाळअन्न. तेव्हा बाळांसाठीची दूध पावडर परदेशातून येई आणि ती गाईच्या दुधाची असे. म्हशीच्या दुधात फॅट सुमारे सात टक्के, केसीन हे प्रथिनही जास्त. बाळाच्या पोटात त्याची घट्ट गाठ बनते. पहिले संचालक व्ही. सुब्रह्मण्यन यांच्या काळात, 1950 च्या दशकात, इथल्या शास्त्रज्ञांनी हे दूध बाळाला पचेल असे करण्याची रीत बसवली. आणंदच्या अमूलने ती कारखान्यात उतरवली. शेतकऱ्याच्या दारातल्या म्हशीचे दूध देशातल्या बाळांपर्यंत पोचले, ही मला स्वतंत्र भारतातल्या विज्ञानाची फार मोठी कमाई वाटते.

अशा मधल्या पायरीसाठी महाराष्ट्राला म्हैसूरकडेच पाहण्याची गरज नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात 1976 पासून अन्न तंत्रज्ञानाचे महाविद्यालय आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतही अन्न अभियांत्रिकीचा विभाग आहे. कोकम, आवळा, सीताफळ, ज्वारी पिकवणाऱ्या या राज्यात गावोगावचे महिला बचत गट प्रक्रिया उद्योगात उतरत आहेत. त्यांच्यापैकी अनेकजणी आधी यंत्र घेतात आणि मग पदार्थ बसवायला लागतात. हा क्रम उलटा व्हायला हवा. बँकेत कर्जाचा अर्ज देण्याआधी जवळच्या अन्न तंत्रज्ञान महाविद्यालयात जा, तिथे काय सोय आहे ते विचारा, तुमच्या मालाची एक बॅच काढून तपासून घ्या. विद्यापीठांनीही आपल्या यंत्रांची दारे केवळ विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांपुरती उघडी ठेवू नयेत. ही यंत्रे जनतेच्या पैशाने घेतलेली आहेत. त्यांच्यावर जनतेचा माल चढला पाहिजे.