उसातील तण ॲपने ओळखताना: लव्हाळा की गवत?

बेलापूर परिसरात प्रवरेकाठच्या उसात लव्हाळा आणि हरळी दोन्ही दिसतात. प्लांटनेट ॲपवर नुसत्या पानाचा फोटो टाकला, तर ओळख चुकू शकते. चूक महागात पडते, कारण हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल लव्हाळ्यावर चालते, हरळीवर नाही.

फुलोरा आलेले रोप निवडा. फुलोरा, पान, दांडा यांचे वेगवेगळे फोटो घ्या; मागे तळहात धरा. ॲप टक्केवारीसह काही नावे सुचवते, त्यातले पहिलेच खरे मानू नका. दांडा बोटांत फिरवा. तीन कडा जाणवल्या आणि उकरल्यावर मुळाशी काळपट गाठी सापडल्या, तर तो लव्हाळाच. हरळीच्या दांड्याला पेरे असतात, अशा गाठी नसतात.

तरी शंका राहिली, तर गाठींसकट उपटलेले रोप बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. तणनाशक त्यानंतरच आणा.