संदर्भसूचीतील अनिर्दिष्ट नोंदी

शोधनिबंधाची मुद्रणप्रत संपादकाकडे सोपविण्यापूर्वी लेखक ती अनेक दृष्टींनी तपासतो. युक्तिवादाचा क्रम, उदाहरणांची अचूकता, शुद्धलेखन हे सर्व पाहून झाल्यावर अगदी शेवटी, आणि बहुधा थकलेल्या डोळ्यांनी, तो संदर्भसूचीकडे वळतो. नोंदी वर्णानुक्रमाने लागल्या आहेत, सन व प्रकाशनस्थळ यांत उणीव राहिलेली नाही, एवढे पाहून त्याचे समाधान होते. सूची आणि लेख यांचा एकमेकांशी मेळ बसतो की नाही, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारला म्हणजे दोन प्रकारचे दोष हाती लागतात. लेखात एखाद्या ग्रंथाचा निर्देश असतो, पण सूचीत त्याची नोंद नसते, हा पहिला. सूचीत नोंद असते, पण लेखात तिचा कोठेही निर्देश नसतो, हा दुसरा. पहिला दोष वाचकाच्या ताबडतोब ध्यानात येतो, कारण मूळ ग्रंथ शोधू जाता त्याची वाट खुंटते. दुसरा दोष निरुपद्रवी वाटतो व म्हणून दुर्लक्षिला जातो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या दोषाचाच विचार करावयाचा आहे. अशा नोंदीस येथे ‘अनिर्दिष्ट नोंद’ असे म्हटले आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपल्याकडे प्रबंधाच्या शेवटी ‘संदर्भग्रंथसूची’ देण्याची जी रीत आहे, तीत अभ्यासकाने विषयाच्या निमित्ताने चाळलेले सर्व ग्रंथ येतात. शिकागो पद्धतीतील तळटीपांसह येणारी ग्रंथसूचीही अशा वाचलेल्या पण न निर्देशिलेल्या ग्रंथांना जागा देते. याउलट अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या, म्हणजे ‘एपीए’ पद्धतीत सूची व निर्देश यांचे नाते काटेकोर असते. लेखात निर्देश नसेल, तर सूचीत सामान्यतः नोंद नाही. अनेक अभ्यासांचे एकत्रित सांख्यिकीय विश्लेषण करणाऱ्या लेखात, विश्लेषणास घेतलेले अभ्यास तारकाचिन्हाने दाखवितात व त्या सर्वांचा लेखात स्वतंत्र निर्देश करावा लागत नाही. पण तो अपवाद होय. तेव्हा आपण ज्या नियतकालिकाकडे लेख पाठवीत आहोत त्यास कोणत्या प्रकारची सूची अपेक्षित आहे, हे आधी पाहावे. विद्यार्थ्यांच्या लेखांत आढळणाऱ्या अनिर्दिष्ट नोंदींपैकी पुष्कळशा, प्रबंधाची सूची जशीच्या तशी लेखास जोडल्याने आलेल्या असतात.

या नोंदींनी नेमके काय बिघडते? युजीन गार्फील्ड यांनी १९५५ साली निर्देशांच्या अनुक्रमणिकेची कल्पना मांडली व १९६४ पासून विज्ञानविषयक निर्देशसूची नियमित प्रसिद्ध होऊ लागली. तेव्हापासून आजच्या संगणकीय निर्देशसूचींपर्यंत निर्देशांची गणना मुख्यतः लेखाच्या शेवटच्या सूचीवरून होत आली आहे. लेखाच्या अंतरंगात त्या ग्रंथाचे काय झाले, हे ती गणना पाहत नाही. म्हणजे आपण ज्याचा एका वाक्यातही उपयोग केला नाही, तो ग्रंथ आपल्या लेखाचा आधार म्हणून कायमचा नोंदला जातो.

याचे एक बोलके उदाहरण २०१७ साली ॲन-विल हार्झिंग यांनी प्रसिद्ध केले. लायडन येथील प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांना शास्त्रीय लेख कसा लिहावा या विषयावरील, २००० साली प्रसिद्ध झाल्याचे सांगणारा एक लेख सूचींमध्ये वारंवार दिसे. मूळ लेख मात्र कोठेच सापडेना. शोधाअंती कळले की असा लेख कधी लिहिलाच गेला नव्हता. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांना दिलेल्या नमुनापत्रात, नोंद कशी करावी हे दाखविण्यासाठी ती कल्पित नोंद घातलेली होती. नमुन्यावर आपला लेख बेतताना ती काढून टाकण्यास कित्येक लेखक विसरले, आणि जो लेख अस्तित्वातच नाही त्याच्या नावावर सुमारे चारशे निर्देश जमा झाले. त्या लेखकांपैकी कोणी सूचीतील एकेका नोंदीस ‘तुझे वाक्य कोठे आहे?’ असे विचारले असते, तर ती नोंद त्याच क्षणी उघडी पडली असती.

अनिर्दिष्ट नोंदी कशा निर्माण होतात हे आता एका उदाहरणाच्या आधारे पाहू. समजा, मराठीतील ‘च’च्या द्विविध उच्चारांवर एक लेख लिहिला आहे. ‘चार’ या संख्यावाचकातील तालव्य च आणि ‘चारा’ या शब्दातील दंततालव्य च, किंवा ‘घराचा’ व ‘घराची’ या रूपांत प्रत्ययाच्या स्वराबरोबर पालटणारा उच्चार, हा त्याचा विषय. सूची तपासता पाच नोंदी अनिर्दिष्ट निघतात.

पहिली नोंद झ्यूल ब्लॉक यांच्या मराठी भाषेच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथाची आहे. लेखात ‘ब्लॉख, १९१४’ असा निर्देश असून सूचीत रोमन लिपीत १९२० सालची नोंद आहे. दोन्ही सने या ग्रंथाच्या संदर्भात प्रचारात आहेत. लेख देवनागरीत व सूची रोमनमध्ये असली, की परकीय नावांची अशी गत वारंवार होते. यांत्रिक शोधास ‘ब्लॉक’, ‘ब्लॉख’ आणि रोमन अक्षरे ही तीन निराळी माणसे वाटतात. येथे नोंद अनिर्दिष्ट नाही, केवळ तिची खूण चुकली आहे. तथापि दुरुस्ती करताना एक प्रश्न लेखकाने स्वतःस विचारावा: आपण मूळ फ्रेंच ग्रंथ पाहिला, वासुदेव गोपाळ परांजपे यांचे १९४१ सालचे मराठी भाषांतर पाहिले, की १९७० सालचे इंग्रजी भाषांतर? जे पाहिले तेच सूचीत यावे, कारण पृष्ठांक त्याचेच दिलेले असणार.

दुसरी नोंद वि. का. राजवाडे यांच्या ज्ञानेश्वरीच्या व्याकरणाची, १९०९ सालची. लेखात नुसते ‘राजवाडे म्हणतात’ असे आहे; सन नाही, आद्याक्षरे नाहीत. निरुक्ताचे अभ्यासक वै. का. राजवाडे यांचाही ग्रंथ सूचीत असेल, तर वाचकाने कोणाकडे जावे? येथेही उपाय दुरुस्ती हाच.

तिसरी नोंद फ्रँकलिन साउथवर्थ यांच्या १९७१ सालच्या, मराठीच्या उगमात भाषासंकराचा अंश शोधणाऱ्या निबंधाची. लेखाच्या पहिल्या खर्ड्यात द्राविडी संपर्कावर एक परिच्छेद होता; परीक्षकाच्या सूचनेवरून तो गाळला गेला आणि नोंद मागे राहिली. आधाराचे वाक्यच उरले नाही, तेव्हा नोंदही जावी हे उचित. ग्रंथ महत्त्वाचा आहे, एवढ्यावरून ती ठेवता येत नाही.

चौथी नोंद मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीची आहे. लेखकाने उदाहरणांचे बहुतेक शब्द या कोशातून निवडले, पण तसे कोठे सांगितले नाही. येथे नोंद काढणे म्हणजे सामग्रीचे मूळ लपविणे होय. सामग्रीची निवड सांगणाऱ्या परिच्छेदात एक वाक्य घालून निर्देश पुनःस्थापित करावा.

पाचवी नोंद मार्गदर्शकांच्या एका ग्रंथाची. तिचे कारण आदर. तो आदर ऋणनिर्देशात व्यक्त व्हावा. सूची ही त्याची जागा नव्हे.

दिसावयास सारख्या असलेल्या पाच नोंदींचा निकाल असा चार प्रकारांनी लागला: दुरुस्ती, वगळणे, पुनःस्थापना आणि स्थानांतर. म्हणूनच अशा नोंदी सरसकट काढून टाकणे अथवा सरसकट लेखात कोठेतरी बसविणे, हे दोन्ही मार्ग चुकीचे ठरतात. दुसऱ्या मार्गाचा मोह विशेष प्रबळ असतो. ‘अनेक अभ्यासकांनी या विषयाचे विवेचन केले आहे’ असे एक वाक्य लिहून त्याच्या शेवटी उरलेली सर्व नावे कंसात कोंबली, की हिशेब जुळतो. परंतु त्या वाक्यातून वाचकास कोणी काय म्हटले याचा काहीच बोध होत नाही. दोष नाहीसा न होता फक्त दृष्टीआड होतो.

पहिल्या मार्गातील धोका मला स्वानुभवाने कळला. काही वर्षांपूर्वी माझ्या एका लेखाची मुद्रिते आली, तेव्हा तीन नोंदींपुढे ‘लेखात निर्देश नाही, स्थान दाखवा किंवा वगळा’ असा शेरा होता. मुद्रिते दोन दिवसांत परत करावयाची होती. मी तिन्ही नोंदींवर रेघ मारली. पुढे वर्षभराने जुनी टिपणवही चाळताना त्यांतील एका अप्रकाशित प्रबंधावरचे माझेच टिपण सापडले. उदाहरणांची जी वर्गवारी मी स्वतःची समजत होतो, ती त्या प्रबंधात आधीच केलेली होती. पहिल्या खर्ड्यात तिचा निर्देश होता. वाक्य दोनदा नव्याने लिहिताना तो गळून पडला. सूचीतील नोंद हा त्या ऋणाचा अखेरचा पुरावा उरला होता आणि तो मी स्वहस्ते पुसला. त्या अभ्यासिकेस मी पत्र लिहिले, नियतकालिकाने शुद्धिपत्रही छापले. परंतु लेख ज्यांनी वाचला त्यांपैकी किती जणांनी शुद्धिपत्र वाचले असेल?

यावरून तपासणीची एक पद्धत मी स्वतःपुरती ठरविली आहे. सूचीची स्वतंत्र छापील प्रत घ्यावी. लेख पहिल्या ओळीपासून वाचत जावे व निर्देश आला की सूचीत त्या नोंदीपुढे पृष्ठांक मांडावा. तळटीपा, कोष्टके, आकृत्यांखालील मजकूर व परिशिष्टे वगळू नयेत. पुष्कळ ‘हरवलेले’ निर्देश तेथेच सापडतात. ज्या नोंदीपुढे शेवटपर्यंत पृष्ठांक पडला नाही, तिच्याविषयी प्रथम जुने खर्डे व टिपणे पाहावीत आणि मग एकच प्रश्न विचारावा: हा ग्रंथ मी वाचला नसता, तर माझ्या लेखातील कोणते वाक्य निराळे झाले असते? वाक्य सापडले, तर निर्देश त्याच वाक्यापाशी द्यावा. एकही वाक्य सापडले नाही, तर नोंद निःसंकोच वगळावी. उत्तर ‘सगळाच लेख’ असे आले, तर त्या ग्रंथाचे ऋण प्रस्तावनेच्या परिच्छेदात स्पष्ट शब्दांत सांगावे.

हे काम मुद्रणप्रत पाठविण्यापूर्वीच व्हावे. निर्देश क्रमांकांनी दिलेले असतील, तर एक नोंद काढताच पुढचे सर्व क्रमांक बदलतात, आणि मुद्रितांत तो बदल करताना नव्या चुका शिरतात. झोटेरोसारखी संगणकीय साधने निर्देशांवरूनच सूची तयार करतात. बिबटेक् या प्रणालीतही सर्व नोंदी छापण्याची वेगळी आज्ञा दिल्याशिवाय अनिर्दिष्ट नोंद सूचीत येत नाही. ही सोय मोठी आहे. तथापि तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. खर्ड्यातून निर्देश गळला, की ही साधने नोंदही निमूटपणे गाळतात. माझ्या हातून जी चूक वर्षभराने का होईना उघडकीस आली, ती तशा सूचीत कधीच उघडकीस आली नसती, कारण शेरा मारण्यास नोंदच शिल्लक राहिली नसती.

तेव्हा विद्यार्थ्यांस एवढेच सांगावेसे वाटते, की मुद्रितावर असा शेरा आला, तर तो उपद्रव समजू नये. रेघ मारण्यापूर्वी टिपणवही उघडावी.