‘तब्येतीमुळे काम जमत नाही’: स्त्री आणि पुरुषांच्या उत्तरात फरक का पडतो?

गुडघे धरले म्हणून आजोबा शेतावर जाणं बंद करतात. घरचे म्हणतात, त्यांच्याच्याने आता काम होत नाही. आजींचेही गुडघे दुखतात, पण स्वयंपाक, धुणी-भांडी चालूच राहतं. उद्या कोणी सर्वेक्षणाला आलं आणि विचारलं, "तब्येतीमुळे तुमच्या कामावर मर्यादा येते का?", तर आजोबा "हो" म्हणतील. आजी कदाचित म्हणतील, "नाही, चाललंय."

हा प्रश्न खरोखर विचारला जातो. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्यांचं मोठं सर्वेक्षण 1992 पासून सुरू आहे, त्यात तो आहे. निवृत्तीचं वय, अपंगत्व भत्ता यांवरच्या चर्चेत अशा उत्तरांचा आधार घेतला जातो. म्हणून उत्तर नेमकं काय सांगतं, हे कळायला हवं.

फरक खरा असतो का?

काही प्रमाणात हो. बहुतेक देशांत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त जगतात, पण म्हातारपणी जास्त दुखणी सांगतात. संधिवात, हाडं ठिसूळ होणं हे त्रास त्यांच्यात अधिक. ते जीव घेत नाहीत, पण रोजची हालचाल अडवतात. हृदयविकार पुरुषांना तुलनेने लवकर गाठतो.

मग उत्तरावर विश्वास ठेवायचा का?

इथे बंगालमधलं एक जुनं उदाहरण पाहू. 1944 साली, मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी, कोलकात्याजवळच्या सिंगूरमध्ये आरोग्य सर्वेक्षण झालं. आपण आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे, असं 48.5 टक्के विधुरांनी सांगितलं. विधवांमध्ये हे प्रमाण फक्त 2.5 टक्के होतं. विधवांची तब्येत ठणठणीत होती म्हणून नव्हे, तर तक्रार करायची सवय आणि मुभाच त्यांना नव्हती. अमर्त्य सेन यांनी या आकड्यांकडे वारंवार लक्ष वेधलं.

म्हणजे प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी असते. ती ओळखण्यासाठी अभ्यासक एक युक्ती वापरतात. सगळ्यांना एकाच काल्पनिक माणसाची गोष्ट सांगायची: "याची पाठ रोज दुखते, फार वेळ बसवत नाही. याला काम करायला किती अडचण येईल?" गोष्ट तीच, त्यामुळे उत्तरांतला फरक हा मोजपट्टीचा फरक. अमेरिका आणि नेदरलँड्सची अशी तुलना केली, तेव्हा दोन देशांच्या उत्तरांतल्या तफावतीचा मोठा भाग मोजपट्टीमुळे असल्याचं दिसलं.

‘काम’ म्हणजे कोणतं काम?

काम म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर पगाराचं काम येतं. भारताच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात, पुरुष 97 मिनिटं. या पाच तासांना आजी स्वतःच ‘काम’ म्हणत नसतील, तर त्यातली अडचण उत्तरात कुठून येणार?

पुरुषांच्या बाजूनेही एक गुंता आहे. कमावत्या वयाचा पुरुष घरी बसला, तर लोक कारण विचारतात. ‘तब्येत’ हे सगळ्यांना पटणारं कारण. त्यामुळे काम सुटलेला माणूस आपलं दुखणं थोडं वाढवूनही सांगू शकतो.

उपाय काय?

एक म्हणजे उत्तराला मोजमापाची जोड देणं. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राबवलेल्या ‘लासी’ सर्वेक्षणात 45 वर्षांवरील लोक आणि त्यांचे जोडीदार अशा 72 हजारांहून अधिक जणांना प्रश्न विचारले गेले. शिवाय रक्तदाब आणि हाताच्या पकडीची ताकदही तपासली गेली.

दुसरा उपाय घरातही करता येतो. "बरी आहेस ना?" असं विचारलं, की आजी "हो" म्हणणारच. त्याऐवजी विचारा: जमिनीवरून उठताना आधार लागतो का? भरलेली बादली उचलता येते का? जिन्यात मध्येच थांबावं लागतं का? याची उत्तरं "चाललंय" या एका शब्दात देता येत नाहीत.